हुतात्म्याची बायको

जनीनं अंगणातली खाट उचलून आत नेली आणि दारात येऊन उभी राहिली. राज्यमंत्री हैबतराव धुमाळांना उभंच राहावं लागलं.

"पाण्याचं तरी विचार गो," शेजारची रंभा कुजबुजली.

"त्यांना नाय लागत तहान," जनी मोठ्यानं म्हणाली.

हैबतराव हसले. कुंपणापलीकडे अर्धं निडी गाव जमलं होतं, हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पेणच्या कॉलेजात इतिहास शिकवणारा हा माणूस मंत्री झाला तो जनीच्या नवऱ्याच्या जिवावर, हे सगळ्या मुलखाला ठाऊक होतं. एक्क्याण्णव साली निडीच्या जमिनी रंगाच्या कारखान्याला जायच्या होत्या. प्राध्यापकांनी मोर्चा काढला. रोहा-अष्टमीच्या पुलावर लाठ्या चालल्या, दगड आले, एका फौजदाराचं डोकं फुटलं आणि त्या धुमश्चक्रीत जनीचा नवरा कान्हू पुलावरून कुंडलिका नदीत पडला. काही दिवसांनी खाडीत एक प्रेत लागलं. चेहरा माशांनी ठेवला नव्हता. प्राध्यापकांनी सदऱ्यावरून ओळख पटवली आणि जनी खांबहून, तिच्या माहेराहून, पोचायच्या आत घोषणांच्या गजरात अग्नीही दिला.

तेव्हापासून प्रत्येक सभेत ते सांगत, "मी त्याचा हात धरला होता. तो म्हणाला, सर, लढा सोडू नका. आणि हात सुटला." बाया डोळ्यांना पदर लावत. पंचाण्णव साली ह्याच वाक्यांवर ते निवडून आले.

खरं म्हणजे पहिली लाठी पडली तेव्हाच ते अष्टमीतल्या एका कापडदुकानात शिरले होते आणि शटर आतून ओढून घेतलं होतं. पण सांगून सांगून आताशा त्यांचं त्यांनाही ते आठवत नसे.

एक जनी तेवढी वश होत नव्हती. पहिल्या स्मृतिदिनाला तिनं शाल-श्रीफळ स्टेजवरून खाली भिरकावलं होतं. आता निवडणूक तोंडावर आली होती आणि विरोधक गावोगाव विचारत होते, हुतात्म्याची बायको ज्याच्या सावलीला उभी राहत नाही, त्याला मतं कशाला द्यायची?

"पुतळा तयार झालाय, जनीबाई," हैबतराव म्हणाले. "पेणच्या कारागिरानं घडवलाय. पहिला हार तुमच्या हातचा हवा."

"कान्हूचा फोटो कधी काढलाच नव्हता. तोंड कुठनं आणलंत?"

"मी वर्णन करून सांगितलं."

"व्हय. तुमी सांगाल तसंच सगळं."

"तुम्हांला माझा एवढा राग का, हे मला अजून कळलेलं नाही."

"माज्यासाठी थांबला नाय तुमी. एवढी घाई कसली होती, मास्तर?"

"वातावरण तापलं होतं तेव्हा."

"तापलं होतं, म्हणून तर पोळी भाजून घेतलीत."

कुंपणापाशी कोणीतरी फिसकन हसलं. हैबतराव दोन पावलं पुढे आले. त्यांचा आवाज खाली गेला.

"हे घर गावठाणाच्या बाहेर आहे, जनी. आजवर मी कोणाला बोट लावू दिलं नाही."

"मग आता लावा की. बायामाणसावर जोर दाखवा. पुलावर दाखवायचा राहिलाच होता."

ते चपापले. हिला काही कळलंय की नुसता टोमणा, त्यांना उमगेना. त्यांनी चटकन सूर बदलला.

"बोल, अजून बोल. पण मी तुम्हां लोकांसाठी काय कमी केलं? मोर्चातल्या सगळ्यांवरचे खटले काढून घेतले. गेल्या महिन्यात कोर्टाचा हुकूमही झाला."

जनीनं पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"फौजदाराचं डोकं फुटलं, तो पन?"

"तो पण."

"त्यात पहिलं नाव कान्हूचं होतं."

"ते तर मी स्वतः वकिलाला सांगून काढायला लावलं. हुतात्म्याच्या नावाला डाग नको."

"पक्कं?"

"कोर्टाचा हुकूम आहे, जनीबाई. आता ब्रह्मदेव आला तरी बदलायचा नाही."

जनी आत गेली, खाट बाहेर आणून टाकली आणि म्हणाली, "बसा. चा टाकते."

चहा घेताना हैबतरावांना वाटलं, बाई शेवटी नवऱ्याच्या नावापाशी हळवी झाली. इतकी वर्षं हे आपल्याला सुचलं कसं नाही!

"येते मी हार घालायला," जनी म्हणाली. "पन एकटी नाय यायची. माझी मानसं घेऊन येईन."

"सगळं गाव आणा!"

अनावरणाला पुलाच्या रोह्याकडच्या टोकाशी मुंगीला शिरायला वाव नव्हता. जनी वेळेवर आली, नव्या कोऱ्या हिरव्या लुगड्यात. बायांमध्ये कुजबुज झाली. तिच्यासोबत अष्टमीचे महमूदभाई होते, ती राबायची त्या भातगिरणीचे मालक, आणि उन्हानं रापलेला एक दाढीवाला. तिचा भाऊबिऊ असेल, म्हणून हैबतरावांनी दोघांना पुढच्या खुर्च्या द्यायला लावल्या.

त्या दिवशी ते कधी नव्हे इतके रंगून बोलले. हात सुटल्याच्या वाक्याला स्वतःचाच आवाज भरून आला. पुढच्या रांगेतला दाढीवाला मान एका बाजूला कलती करून लक्ष देऊन ऐकत होता.

"आता वीरपत्नी जनीबाई आपल्या पतीला हार घालतील!"

टाळ्या झाल्या. जनीनं झेंडूचा हार दोन्ही हातांत घेतला आणि पुतळ्यासमोर क्षणभर उभी राहिली.

"हा कोन, मला ठाऊक नाय," ती माईकमध्ये म्हणाली.

मग ती पायऱ्या उतरून खाली गेली, दाढीवाल्याच्या गळ्यात हार घातला आणि त्याला मनगटाला धरून वर घेऊन आली.

"मास्तर, हा माझा कान्हू."