मखरातला मोर

आमचे हे बोटीवर खलाशी. दर सफरीला कँटनहून चिनी कातरकामाचे कागद आणतात आणि पडवीत पाय ठेवला की माझ्या कामाला नावं ठेवतात. "कँटनचे कारागीर कात्रीला शिवत नाहीत, दमयंती. कागदांची चळत मेणाच्या पाटावर ठेवून सुरीनं कोरतात. केसासारखी रेघ येते. तुझी रेघ म्हणजे सुंभ!"

अकरा वर्षं घरच्या गणपतीचं मखर मी कात्रीनं सजवलं. यंदा हुकूम सुटला, मखराला फक्त चिनी कागद, तुझा एक तुकडा दिसता कामा नये.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी यांनी ट्रंकेतले कागद स्वतः निवडले. एक मोर उजेडात धरून भाट्याहून आलेल्या धोंडूभावोजींना दाखवला. "बघ, ही कँटनची सुरी!" आणि खळ लावून तो मधोमध चिकटवला. मग जाड रेघांचा लाल मासा हाती लागला, तसे भडकले. "हे तुझं कात्रीचं गबाळं माझ्या ट्रंकेत कसं?" म्हणत त्याचे चार तुकडे केले.

मी तुकडे गोळा केले. "अहो, या खेपेला तुमची बोट चीनच्या उत्तरेच्या बंदरालाही लागली, तिथून तुम्हीच आणलेल्या पुडक्यातला हा मासा. तिकडच्या बाया कात्रीनंच कातरतात वाटतं."

 

मग मी मखरातल्या मोराकडे बोट केलं. "तो मोर माझा. तुमच्या वस्तऱ्याला तेवढी धार लावून घ्या."