लाल चिंधी

रेल्वे संग्रहालयातल्या गाइडने जुन्या वाफेच्या इंजिनाशेजारी ठेवलेल्या काचेच्या पेटीतली लाल चिंधी माझ्या नातींना दाखवली. "ड्रायव्हर मोहिले या फडक्याला हात पुसायचे."

माझं डोकं सणकलं. "फडकं नाही ते. आम्ही बायका या इंजिनाखालच्या खड्ड्यात उतरून राख ओढायचो. उतरण्याआधी पायरीला लाल चिंधी बांधायची. आम्ही वर येऊन ती सोडेपर्यंत ड्रायव्हरने इंजिन हलवायचं नाही."

"आजी, त्यांच्या घरच्यांनीच तसं लिहून दिलंय," गाइड म्हणाला.

"बरोबरच लिहिलंय. मी राखेची टोपली ओतायला वर आले होते. त्याने चिंधी सोडली, तिला हात पुसले आणि इंजिन काढलं. मी ओरडले, पण खाली राहिलेली कोंडाबाई जिवंत वर आली नाही. चौकशीत तो म्हणाला, चिंधी बांधलीच नव्हती. साहेबांनी त्याचंच खरं मानलं. आणि ही चिंधी इतकी वर्षं त्याच्याच घरात."

गाइडने पेटीकडे बघायचं टाळलं. घाईघाईने तो मुलींना म्हणाला, "चला, आता खड्ड्यात उतरून इंजिन खालून बघू."

धाकटी पळतच निघाली. मी तिला दंडाला धरून थांबवलं, तिच्या वेणीची लाल रिबीन सोडली आणि इंजिनाच्या पायरीला करकचून बांधली.

"अहो आजी, हे इंजिन आता नुसतं उभं असतं."

"त्या दिवशीही उभंच होतं," मी म्हणाले.