स्वतःचं काहीतरी

सरांची शवपेटी खड्ड्यात उतरली तशा त्यांच्या पत्नी बॅसिलकडे वळल्या. "वाजव रे. पण ह्यांचं काही नको, ते मी जन्मभर ऐकलं. तुझं स्वतःचं वाजव."

बॅसिलने ट्रम्पेट ओठांना लावला आणि तसाच थांबला. त्याला काय येत नव्हतं? सिम्फनीत तो नोटेशनपासून तसूभर हलत नसे, हॉटेलात जॅझ वाजवताना कागदाकडे बघतही नसे, आणि जाहिरातवाल्यांना हवा तो सूर जेवणाच्या सुट्टीआधी देऊन मोकळा होई. सगळं सरांनीच शिकवलेलं. स्वतःचं म्हणून मात्र काही आठवेना.

शेवटी त्याने डोळे मिटले आणि बोटांवर सोडून दिलं. एक संथ, हळवी धून आपोआप उमटत गेली. ही नक्की माझीच, असं वाटून त्याने शेवटचा सूर मनापासून लांबवला.

डोळे उघडले तर कंपाउंडपाशी उभे असलेले दोघे मान खाली घालून हसू दाबत होते. तेव्हा कुठे त्याला धून ओळखू आली. गेल्या वर्षी त्यानेच स्टुडिओत वाजवलेली प्रेशर कुकरची जाहिरात होती ती, फक्त निम्म्या लयीत.

"आंटी, मला खरंच..."

"असू दे," त्या म्हणाल्या. "ती लागली की हे टीव्हीचा आवाज वाढवायला सांगायचे. आमच्या बॅसिलने वाजवलंय, असं घरी येईल त्याला ऐकवायचे."

बॅसिलने मान वर केली नाही. फुंकून फुंकून ट्रम्पेटमध्ये साठलेलं वाफेचं पाणी केव्हाच निघून गेलं होतं, तरी तो झटकतच राहिला.