नेट गेलं

मधल्या खोलीतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला आणि त्याच्या हातून एक ओळ चुकीची टाइप झाली.

हे हसणं घरातलं नव्हतं. घरात ती काहीतरी करता करता अर्धंमुर्धं हसायची. हे मोकळं, ऐसपैस हसणं मीटिंगमधलं होतं.

दोघंही एकाच कंपनीत प्रोग्रॅमर. वडील गेल्यावर त्याची आई एकटी पडली म्हणून मोठ्या शहरातली भाड्याची जागा सोडून ती दोघं या लहान गावात, त्याच्या घरी राहायला आली होती. कंपनीला काय, काम झाल्याशी मतलब. त्याने झोपायच्या खोलीत टेबल मांडलं, तिने जेवणाच्या टेबलावर बस्तान बसवलं. या धंद्यातली मुळाक्षरं तिने त्याच्याकडूनच गिरवली होती. कुठे अडलं की खुर्ची ओढत त्याच्या शेजारी येऊन बसायची. हल्ली ती खुर्ची जागची हलत नव्हती.

आणि काल मॅनेजर त्याला सहज म्हणाला होता, "तेवढं जरा तिला विचारून घे. तिला नीट माहीत आहे." त्याने विचारलं नाही. दिवसभर त्या एका गोष्टीशी एकटाच झटत बसला आणि शेवटी चुकीचं करून ठेवलं.

आज तर तिची परीक्षाच होती. नव्या कामाची सूत्रं कुणाच्या हाती द्यायची ते ठरवायला साहेबमंडळी जमली होती, आणि ती आपला आराखडा त्यांना उलगडून दाखवत होती. त्याला बोलावणंसुद्धा नव्हतं. गुरूची विद्या गुरूला, असं लोक मजेने म्हणतात. गुरूला तेव्हा काय वाटतं ते कुणी सांगत नाही.

तो पाणी प्यायला उठला. राउटर पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटावर होता. भिंतीपलीकडे एक साहेब म्हणत होता, असा विचार आजवर आपल्याकडे कुणी केलाच नव्हता. त्याने ठरवून असं काही केलं नाही. हात पुढे झाला आणि प्लग निघाला.

हिरवे दिवे विझले.

वळला तर स्वयंपाकघराच्या दारात आई उभी. हातात सोललेल्या मटारचं ताट. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या वायरीकडे.

"अरे, नेट गेलं का?" आतून बायकोचा आवाज आला. "बघ ना जरा. तुला लगेच सापडतं."

"लाइनच गेलेली दिसतेय," तो म्हणाला. "इथे हे नेहमीचंच."

तिने उलट विचारलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि लॅपटॉप कवेत, फोन दातांत धरून ती पॅसेजमध्ये आली. तो कपाटाला पाठ लावून उभा राहिला. जाता जाता तिने मोकळ्या हाताने त्याच्या दंडावर थोपटलं, असू दे, तू तरी काय करणार, अशा अर्थाने, आणि पायात चपला न सरकवता दाराबाहेर पडली. घरात फोनला रेंज नसे, जिन्यात मिळायची.

दार अर्धवट उघडंच राहिलं. ती पायरीवर बसली, मांडीवर लॅपटॉप उघडला, फोनवरून नेट जोडलं आणि जिथे वाक्य तुटलं होतं तिथूनच पुढे बोलायला लागली. आमच्या घरचं नेट माझ्यापेक्षा भित्रं निघालं, असं काहीतरी ती म्हणाली. पलीकडे चार-पाच माणसं खळखळून हसली.

त्याने प्लग परत लावला. राउटरवर लाल दिवा लागला, मग पिवळा. ते दिवे बघत तो तिथेच उभा राहिला, कारण आईकडे बघायची सोय नव्हती.

"आई, तिला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू?" आई म्हणाली. तिने ताट कपाटावर ठेवलं आणि हाताला चिकटलेलं एक साल काढून टाकलं. "मी तर माझंही कधी कुणाला सांगितलं नाही."

त्याने मान वर केली.

आई सांगू लागली, आवाज अजिबात न चढवता, वाणसामान काय आणायचं ते सांगावं तसं. तो रांगत होता तेव्हाची गोष्ट. ती घरी शिवणकाम करायची. हात चांगला होता. एका शाळेने सगळ्या मुलांचे गणवेश तिच्याकडे द्यायचं ठरवलं आणि नमुना म्हणून एक शिवून मागितला. नमुना द्यायच्या आदल्या रात्री शिवायला बसली तर मशीनची सुई जागेवर नाही. डबीतल्या जास्तीच्या सुयाही नाहीत. दुकानं तोवर बंद झालेली. काम दुसरीला मिळालं. पुढे धुवायला घेतलेल्या कोटाच्या आतल्या खिशात सगळ्या सुया सापडल्या, कागदात नीट गुंडाळलेल्या.

"बाबांच्या?"

"आणखी कुणाचा कोट असणार घरात?"

जिन्यातून बायकोचा आवाज येत होता, आता ठाम, सावकाश, एकेक मुद्दा खाली ठेवत जाणारा. राउटरवरचा दिवा हिरवा झाला. जाऊन तिला सांगायला हवं होतं की लाइन आली, आत ये. तो गेला नाही.

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? सुया परत डबीत ठेवल्या. मशीनवर चादर घातली." आईने ताट उचललं. "ह्यांना कळलंच असेल की मला कळलंय. मला आपलं वाटायचं, कधीतरी विचारतील, हल्ली शिवत का नाहीस म्हणून."

ती आत जायला वळली.

"तीस वर्षं संसार केला आम्ही. शेवटपर्यंत विचारलं नाही."