अंबाजीच्या होडीवरचा वायरलेस

माणसाचा शब्द वाऱ्याच्याही आधी पोचेल, असं बिनतारी यंत्रावर संशोधन करणाऱ्या कंपनीच्या साहेबानं १९५६ साली थळच्या कोळीवाड्यात सांगितलं. शब्द म्हणजे किती पापलेट मिळालं याची खबर. ती कंपनीच्या मुंबईच्या कचेरीला लवकर हवी होती. एक यंत्र अंबाजी कोळ्याच्या होडीवर बसवलं, दुसरं किनाऱ्यावर. मे महिन्यात तुफान उठलं. किनाऱ्यावरच्या यंत्रातून अंबाजीचा आवाज आला, "होडीत पानी भरलंय. आवडे, हायस का तिथं?" त्याची बायको आवडाबाई यंत्राजवळच होती, पण शेजारी सासरा धर्माजी होता. सासऱ्यादेखत नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. तिनं पदर पुढं ओढला. "मामा, हाय म्हणून सांगा त्यांना." धर्माजी म्हणाला, "साहेब, सांगा त्याला, हाय ती." साहेबानं बटण दाबून तीनदा सांगितलं. उत्तर आलं नाही. होडीही आली नाही. कंपनीच्या अहवालात त्या दिवसाची एकच ओळ आहे: बारा मैलांवरून आवाज स्पष्ट.