दुसरं ताट

“त्याचं नाव गायचं नाही,” एर्मेलिंदा म्हणाली आणि तिने वेदीवरचा मुलाचा फोटो उचलून शालीत दडवला.

अबुंदियोचा हात गिटारवर थांबला. मृतांच्या दिवशी गावात घरोघरी तोच गायचा. गाण्यात ज्या मेलेल्याचं नाव येईल तो झेंडूच्या पाकळ्यांवरून घरात येऊन जेवायचा. ज्याचं येणार नाही तो दाराबाहेर, उपाशी. एर्मेलिंदाचा मुलगा नासारियो सहा वर्षांपूर्वी एका लग्नात व्हायोलिन वाजवायला गेला होता. गाडी रस्त्याकडेला सापडली. माणूस नाही.

“आई, गेला असेल तर गेला म्हणा,” सून ओब्दुलिया म्हणाली. “मला एकदाची विधवा तरी होऊ द्या.”

“जिवंत माणूस कशाला येईल मेलेल्यांच्या पंगतीला? आणि अबुंदियो, तू काय बघतोस? गा. एक नाव कमी, तेवढाच तुझ्या फाटक्या गळ्याला आराम.”

अबुंदियो गायला. आधी जगाच्या मायबापाचं नाव, मग घरातल्या एकेका गेलेल्याचं. गळा फाटका खरा, पण त्यात असा काही जीव होता की मेणबत्त्याही कान देऊन ऐकताहेत असं वाटावं.

गाणं संपलं तशी एर्मेलिंदा खोकली. रुमालावर रक्त उतरलं. तिने ते लपवलं नाही.

“पोरी, पुढच्या वर्षी या गाण्यात मी असेन. सगळी शवागारं पालथी घातली, ओढ्याकाठची माती उकरली. इथे शोधायचं काही उरलं नाही, आता तिकडे शोधते. तू दोन ताटं मांड, एक माझं, दुसरं त्याचं. सापडला तर हाताला धरून आणीन. मेलेली माणसं जेवून गेली की अन्नाला चव उरत नाही, ठाऊक आहे ना? सकाळी दुसरं ताट चाखून बघ. बेचव लागलं तर विधवेचे काळे कपडे शिव. चव असली तर वाट बघ.”

नाताळाआधीच ती गेली.

वर्ष फिरलं. ओब्दुलियाने दोन ताटं मांडली. अबुंदियोने डोळे मिटून एर्मेलिंदाचं नाव गायलं. एकदा नाही, दोनदा.

सकाळी तो पुन्हा आला, तेव्हा ओब्दुलिया चमचा हातात धरून वेदीसमोर बसली होती. ताटांवरची फडकी तशीच होती. किती वेळ ती तशी बसली होती कोण जाणे. त्याला पाहताच तिने चमचा त्याच्या हातात दिला आणि दुसरं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

“जेवा, काका. सगळं संपवा. पण चव कशी होती, ते मला कधी सांगू नका.”