मागच्या सीटवरची म्हातारी

अभयारण्यात तीन रात्री तंबू ठोकून मोआगी आणि त्याची बायको दिनेओ सकाळी जीपने परतले, तेव्हा फाटकावरच्या पहारेकऱ्याने, ओलेबिलेने, अडसर उचललाच नाही.

"तिसरी कुठाय?"

"कोण तिसरी? आम्ही दोघंच गेलो होतो!" मोआगी खेकसला.

"मला खुळा समजतोस? जाताना मागच्या सीटवर म्हातारी होती. मीच पाणी दिलं तिला. सिंहांच्या रानात टाकून आलास?"

मोआगीचं डोकं फिरलं. उतरून त्याने मागचं दार धाडकन उघडलं. "बघ! सीटच नाही मागे. नुसते डिझेलचे कॅन आणि तंबू!"

पुढच्या सीटवरून दिनेओ संतापाने ओरडली, "तरी मी सांगत होते मोआगी, ती झुडपाआड गेलीय, जरा थांब म्हणून!"